बोलण्याआधीचे वाचन : प्रस्तावना

अजून बोलूही न लागलेल्या बाळाला वाचायला शिकवता येते का, हा प्रश्न ऐकून कोणी हसू नये. तो विचारणाऱ्या आईवडिलांच्या मनात मुलाबद्दलची माया असते आणि पुष्कळदा एक भीतीही असते: आपण वेळेवर काही केले नाही तर मूल मागे पडेल. जगभर हा प्रश्न निदान साठ वर्षे गांभीर्याने विचारला जात आहे. त्यावर पुस्तके निघाली, शब्दपट्ट्यांचे संच खपले, चित्रफिती आल्या, सरकारी कारवाया झाल्या आणि काटेकोर प्रयोगही झाले. तेव्हा उत्तर आरंभीच देऊन टाकलेले बरे. छापलेला शब्द पाहून त्याचा उच्चार आणि अर्थ लावणे म्हणजे वाचन, असे धरले तर ते वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला शिकवता येते याला विश्वासार्ह पुरावा नाही. मात्र पाचव्या-सहाव्या वर्षी मूल जे वाचन शिकते, त्याची बरीचशी तयारी त्याच्या पहिल्या शब्दाच्याही आधी सुरू झालेली असते, याला भरपूर पुरावा आहे. या दोन विधानांच्या मधला प्रदेश म्हणजे आपले अभ्यासक्षेत्र. त्यात वाचकाचे मनापासून स्वागत.

एके काळी शिक्षणशास्त्र वाचनाचा जणू मुहूर्त काढत असे. अमेरिकेत मॉर्फेट आणि वॉशबर्न यांनी १९३१ साली असे मांडले की मुलाचे मानसिक वय साडेसहा वर्षे झाल्यावर वाचन शिकवावे. पुढे कित्येक वर्षे शाळांनी ते प्रमाण मानले. त्याआधी मूल घरात जे काही करते, त्याला वाचनाच्या हिशेबात जागाच नव्हती. हा समज न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी मोडला. १९६६ साली ऑकलंड विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधासाठी त्यांनी शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या पाच वर्षांच्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले होते. पुस्तक कोणत्या बाजूने उघडायचे, ओळ कुठून कुठे जाते, चित्र वेगळे आणि मजकूर वेगळा, हे ही मुले वाचता येण्याआधीच कमीअधिक जाणत होती. साक्षरता अशी हळूहळू अंकुरत असते, हा विचार तिथून रुजला. त्याच वर्षी डोलोरेस डर्किन यांचे पुस्तक आले. शाळेत जाण्याआधीच वाचू लागलेली मुले त्यांनी अभ्यासली होती. या मुलांच्या घरी कोणीतरी त्यांना वाचून दाखवत असे, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे, आणि कागद-पेन्सिल त्यांच्या हाताशी असे. नंतरच्या संशोधकांनी हा धागा मागे नेत नेत पाळण्यापर्यंत आणि तिथून गर्भापर्यंत पोचवला.

याच सुमारास दुसरी, घाईची वाटही निघाली. फिलाडेल्फियात मेंदूला इजा झालेल्या मुलांसोबत काम करणारे ग्लेन डोमन यांनी १९६४ साली बाळाला वाचायला कसे शिकवावे यावर पुस्तक लिहिले. ठळक लाल अक्षरांतले शब्द पट्ट्यांवर लिहून बाळापुढे दिवसातून अनेकदा झपाझप धरायचे, ही त्यांची पद्धत. पुढे रॉबर्ट टिट्झर यांच्या ‘युवर बेबी कॅन रीड’ या संचाने तसलीच हमी चित्रफितींतून घरोघरी नेली. २०१२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या संचाच्या जाहिरातींतले दावे निराधार ठरवून कारवाई केली. २०१४ साली सुझन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ ते अठरा महिन्यांच्या ११७ बाळांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला बाजारात खपणारा असा एक संच सात महिने दिला, दुसऱ्याला दिला नाही. एकूण चौदा कसोट्या लावल्या आणि त्यांपैकी तेरांत दोन्ही गट सारखेच निघाले. फरक पडला तो एकाच ठिकाणी: संच वापरणाऱ्या पालकांना आपले बाळ वाचायला शिकते आहे असे ठामपणे वाटत होते.

असे वाटण्याला कारणही असते. पट्टी दाखवताच बाळ बरोबर चित्राकडे बोट करते आणि घरातल्या सर्वांना आनंद होतो. पण त्या क्षणी बाळाने ओळखलेला असतो तो आकार. ओळखीच्या बिस्किटाचा पुडा ते जसे दुरून ओळखते तसेच. त्याच अक्षरांनी बनलेला दुसरा शब्द समोर ठेवला की हे ज्ञान उपयोगी पडत नाही, आणि वाचन नेमके तिथूनच सुरू होते. याच्या उलट बाजूला काही थोडी मुले अशी असतात की जी खरोखरच फार लवकर, कधी नीट बोलू लागण्याच्याही आधी, पाट्या आणि मथळे वाचतात. सिल्बरबर्ग दांपत्याने १९६७ साली या अवस्थेला हायपरलेक्सिया हे नाव दिले. त्यांतली बरीच मुले स्वमग्न असतात. त्यांची अक्षरओळख विलक्षण असते, पण वाचलेल्याचे आकलन तिच्या मानाने मागे राहते. अशा मुलाचे कौतुक जरूर करावे, आणि त्याच वेळी त्याचे बोलणे, नजरेला नजर देणे, खेळणे कसे चालले आहे हे बालविकासतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. उच्चार आणि अर्थ ही वाचनाची दोन अंगे आहेत, हे या मुलांइतके स्पष्टपणे दुसरे कोणी शिकवत नाही.

मग बोलण्याआधी बाळ काय शिकते? थोडक्यात सांगायचे तर ऐकायला, पाहायला आणि माणसांशी जोडून घ्यायला. गर्भात शेवटच्या तिमाहीत त्याला आवाज ऐकू येऊ लागतात. डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी १९८६ साली दाखवले की आईने गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत रोज मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बाळ अनोळखी उताऱ्यापासून वेगळा ओळखते. आठ महिन्यांचे बाळ सलग चाललेल्या बोलण्यातून शब्द कुठे तुटतो हे केवळ अक्षरांच्या सोबतीवरून हेरते. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या प्रयोगात त्यासाठी बनावट भाषेतले दोन मिनिटांचे ऐकणे पुरले. एलिका बर्गेल्सन आणि डॅनिएल स्विंगली यांनी २०१२ साली दाखवले की सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना खाण्याच्या पदार्थांची आणि शरीराच्या अवयवांची काही नावे कळू लागलेली असतात. त्या वयात ‘तुझं नाक कुठंय?’ या आजीच्या प्रश्नाला बाळाकडून उत्तर मिळत नाही, तरी तो प्रश्न वाया जात नाही.

मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल असा एक प्रयोग जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांचा आहे. त्यांनी १९८४ साली हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतला भेद सहज कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांची ती क्षमता बहुतांशी गेलेली होती, कारण त्यांच्या घरच्या भाषेत या भेदाला काम नव्हते. हिंदी घरांतल्या बाळांनी मात्र ती टिकवली. म्हणजे पहिल्या वर्षातच कान आपल्या भाषेचा होतो. ‘ताट’ म्हणता येण्याच्या कितीतरी आधी मराठी बाळाने ‘त’ आणि ‘ट’ हे दोन वेगळे खण करून ठेवलेले असतात, आणि पुढे देवनागरी त्याच खणांना अक्षरे देते. म्हणूनच बाळाला नीट ऐकू येते आहे ना, हे जन्मानंतर लवकरात लवकर तपासून घेणे हा या क्षेत्राचा पहिला व्यावहारिक आग्रह आहे. बहिऱ्या बाळांच्या बाबतीतही भाषा थांबून राहत नाही. खुणांची भाषा बोलणाऱ्या घरांतली बाळे हातांनी बडबडतात, हे लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ साली नोंदवले.

या शिकण्याला एक अट आहे, ती माणसाची. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींना ती समोर बसून खेळणाऱ्या व्यक्तीच्या तोंडून, काहींना चित्रफितीतून आणि काहींना नुसत्या ध्वनिफितीतून. समोरच्या माणसाकडून बाळे ते ध्वनी शिकली. पडद्यावरून आणि ध्वनिफितीतून शिकली नाहीत. चित्राचेही तसेच आहे. ज्यूडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की नऊ महिन्यांचे बाळ पुस्तकातल्या चित्राला पकडून उचलू पाहते आणि एकोणीस महिन्यांच्या सुमारास त्याकडे बोट दाखवू लागते. हे चित्र आहे, ते दुसऱ्या कशाचे तरी आहे, ही समज मधल्या काळात शेजारी बसून पाने उलटणाऱ्या माणसाच्या संगतीत येते. अक्षर तर त्याहून पुढची पायरी, कारण ते ज्याचे आहे त्याच्यासारखे दिसतही नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२१ साली दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये असे सांगितले आणि नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलपुरता अपवाद केला. खडकीसारख्या लष्करी वस्तीत, जिथे कित्येक बाळांचे वडील दूरच्या ठाण्यावर असतात, तिथे हा अपवाद मोलाचा आहे. त्या पडद्यावर बाळाला उत्तर देणारा माणूस असतो.

हे सारे ज्ञान परदेशातून आले असे समजून मराठी वाचकाने बाहेर उभे राहू नये. ताराबाई मोडक गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचे काम करून महाराष्ट्रात आल्या, आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी या कल्पनेचा उगम तो. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले, आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालवले. मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे इथेच राहिल्या. पहिल्या तीन वर्षांतील मनाची ग्रहणशक्ती सांगणारे त्यांचे पुस्तक अहमदाबादेतील व्याख्यानांतून तयार होऊन १९४९ साली प्रसिद्ध झाले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापून, ज्यांच्या घरी पुस्तक नाही अशा मुलांना मराठी वाचन कसे शिकवावे याचा दीर्घ ध्यास घेतला. पालघरच्या वाडा तालुक्यातील आणि कर्नाटकातील यादगीरच्या मुलांचा तीन वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचा अहवाल २०१७ साली आला. मराठी आणि कन्नड वाचन वर्गात कसे शिकवले जाते आणि मुले कुठे अडतात, याचे इतके सविस्तर चित्र त्याआधी आपल्यासमोर नव्हते.

या साऱ्यांच्याही मागे आपली मौखिक परंपरा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जात्याशी बसलेल्या आईच्या मांडीवरचे बाळ या ओव्या अर्थ कळण्याआधी लयीने ऐकत आले. अंगाई, बडबडगीत, बोटांचे खेळ या सगळ्यांत शब्द मोडून, ताणून, यमकाला यमक जोडून पुन्हा पुन्हा बाळाच्या कानावर पडतात. ऑक्सफर्डमध्ये मॅक्लीन, ब्रायंट आणि ब्रॅडली यांनी १९८७ साली तीन वर्षांच्या मुलांना येणारी बालगीते आणि त्यांची ध्वनींची जाण यांचा संबंध दाखवला. ध्वनींची ही जाण वाचन शिकताना कामी येते. ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्या घरातही वाचनाच्या तयारीचे हे साधन पिढ्यान्‌पिढ्या आहे. बालशिक्षणाचा कोणताही कार्यक्रम आखताना ते जमेस धरायला हवे.

लिपीचा विचारही इथेच करायला हवा, कारण इंग्रजी वाचनावरचे निष्कर्ष देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इंग्रजीत अक्षर एकेका ध्वनीकडे बोट दाखवते. देवनागरीत ‘क’ म्हणजे व्यंजन आणि त्यात मिसळलेला ‘अ’. मुलाच्या कानाला शब्दाचे असे तुकडे आधी कळतात, सुटे ध्वनी फार नंतर. म्हणून मराठी मुलाला ‘क-म-ळ’ सोपे जाते आणि मात्रा लागली की वाट अवघड होते. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहिताना आधी काढावा लागतो. उकार खाली, एकार वर, काना उजवीकडे, जोडाक्षरात अर्धे रूप. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतल्या ‘च’चे उच्चार वेगळे, अक्षर एकच. सोनाली नाग यांच्या कन्नडवरच्या २००७ च्या अभ्यासात अशा लिपीतली सर्व अक्षररूपे आत्मसात करायला मुलांना प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात असे दिसले. इतका लांबचा पल्ला असताना पहिल्या दोन वर्षांत अक्षरांची घाई करून हाती फारसे लागत नाही. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा अकराव्या वर्षाच्या आसपास उशिरा सुरू केलेली मुले बरोबरीला आलेली होती.

हे पुस्तक खडकीत घडले, याचाही त्याच्या मांडणीवर परिणाम झाला आहे. १८१७ च्या लढाईनंतर इथे छावणी वसली, १८६९ साली दारूगोळा कारखाना निघाला, आणि पलटणी व कारखाने यांच्यामागून अनेक प्रांतांतली कुटुंबे आली. खडकी बाजारात आजही एका फेरीत मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू, पंजाबी, दखनी कानावर पडते. इथले बाळ आईची एक भाषा, शेजारणीची दुसरी आणि अंगणवाडीताईची तिसरी ऐकत मोठे होते. त्यामुळे मूल गोंधळेल, बोलायला उशीर होईल, या भीतीने अनेक घरे आपली भाषा बाजूला ठेवतात आणि जेमतेम येणाऱ्या इंग्रजीत बाळाशी बोलतात. क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले की गर्भात दोन भाषा ऐकलेले नवजात बाळ दोन्हींकडे कान देते आणि त्या दोन भाषांमधला फरकही ओळखते. आईला जी भाषा मनापासून, भरभरून बोलता येते तीच बाळासाठी उत्तम. त्या भाषेत मिळालेली समज पुढे कोणत्याही लिपीत उपयोगी पडते.

एका बाबतीत सावधगिरी हवी. हार्ट आणि रिझली यांनी १९९५ साली ४२ अमेरिकी कुटुंबांच्या निरीक्षणावरून असा अंदाज केला की गरीब घरातले मूल चार वर्षांचे होईपर्यंत सुस्थितीतल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. हा आकडा फार गाजला, आणि त्यावर टीकाही तितकीच झाली. बाळाभोवती इतरजण जे बोलतात ते त्यात धरलेले नव्हते. आपल्या वस्त्यांत बाळ आजी, मावशी, थोरली ताई, शेजारची मुले यांच्या बोलण्यात वाढते. गरिबाघरी भाषा कमी, असा निष्कर्ष परक्या आकड्यांवरून काढणे हा त्या घरांवर अन्याय आहे. तिथे कमी असतो तो निवांत वेळ, आणि कमी असतात पुस्तके. उपाय करायचा तो यावर.

या क्षेत्रात मराठीतून करण्यासारखे काम पुष्कळ आहे. मराठी बाळे कोणते शब्द कोणत्या महिन्यात समजू लागतात, दोन-तीन भाषांच्या घरात हा क्रम कसा बदलतो, ओव्या आणि बडबडगीते यांचा ध्वनींच्या जाणिवेशी मराठीत काय संबंध आहे, आजी-आजोबांचा सहभाग किती मोलाचा ठरतो, हे प्रश्न महाविद्यालयातले विद्यार्थी, अंगणवाडीसेविका आणि पालक मिळून हाती घेऊ शकतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात शिकवण्याचा भर तीन वर्षांवरील मुलांवर राहिला, त्याहून लहान मुलांच्या वाट्याला मुख्यतः पोषण आणि आरोग्य आले. ‘नवचेतना’ या २०२४ च्या राष्ट्रीय आराखड्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी बोलणे, खेळणे आणि त्यांना प्रतिसाद देणे हेही अंगणवाडीच्या कामात आणले आहे. ते चांगल्या रीतीने व्हायचे तर सेविकेला प्रशिक्षण, वेळ आणि बाळाच्या हातात टिकतील अशी जाड पानांची मराठी पुस्तके द्यावी लागतील. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने लहान मुलांचे मराठी पुस्तक किती सुंदर होऊ शकते हे दाखवून दिले आहे. त्याहूनही लहान, वर्षाच्या आतबाहेरच्या बाळांसाठी मराठी पुस्तके अजून फार थोडी आहेत.

पुस्तकाची प्रकरणे वयाच्या क्रमाने लावली आहेत: गर्भातले ऐकणे, पहिले सहा महिने, बोट दाखवण्याचा काळ, पहिला शब्द, आणि शेवटी अक्षराशी पहिली भेट. विद्यार्थ्यांनी ती क्रमाने वाचावीत. ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांनी त्याच्या वयाचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल, आणि अंगणवाडीसेविकांनी आपला अनुभव इथल्या विधानांशी ताडून पाहावा. जिथे तो जुळणार नाही, तिथे तो लिहून ठेवावा. या विषयाची पुढची भर त्यातूनच पडणार आहे.

पालकांना एवढेच सांगणे आहे: शब्दपट्ट्यांचा संच घेण्याची गरज नाही. रोज थोडा वेळ बाळाला मांडीवर घ्या, आपल्या भाषेत त्याच्याशी बोला, ते हुंकार देईल तेव्हा थांबून ऐका, एक पुस्तक उघडा आणि पान त्याला उलटू द्या.

खडकी, पुणे